बंद दाराआडची चार माणसे : एका हेरमालिकेच्या प्रारंभाविषयी

१० सप्टेंबर १९७९, सोमवार. बीबीसीच्या दुसऱ्या वाहिनीवर त्या रात्री एका नव्या मालिकेचा पहिला भाग प्रक्षेपित झाला. पडद्यावर प्रथम दिसते ती एक साधी, सरकारी वळणाची खोली. मधोमध टेबल, भोवती खुर्च्या. एक माणूस आत येतो, आपले कागद नीट मांडतो आणि बसतो. थोड्या वेळाने दुसरा येतो. मग तिसरा. कोणी कोणाची विचारपूस करीत नाही. रोज भेटणाऱ्या माणसांना तशी गरजही नसते. सर्वांत शेवटी चौथा येतो. त्याच्या हातात चहाचा कप असून बशी कपाखाली नव्हे, कपावर झाकणासारखी ठेवलेली आहे. चौघे स्थिरस्थावर झाल्यावर त्यांपैकी एकजण, आता कामाला सुरुवात करू या, अशा अर्थाचे एकच लहानसे वाक्य बोलतो आणि प्रसंग संपतो. त्यानंतर श्रेयनामावली सुरू होते. लाकडी रशियन बाहुल्या एकीच्या पोटातून दुसरी अशा निघत जातात आणि अखेरच्या बाहुलीला चेहराच नसतो.

या मालिकेचे नाव 'टिंकर टेलर सोल्जर स्पाय'. जॉन ल कारे यांच्या १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीचे हे सात भागांतील दूरदर्शन-रूपांतर होते. रूपांतर आर्थर हॉपक्राफ्ट यांचे, दिग्दर्शन जॉन आयर्विन यांचे आणि निर्मिती जोनाथन पॉवेल यांची. दूरदर्शनच्या इतिहासात हेरकथांच्या प्रारंभाची जी एक रूढी तयार झाली होती ती या पहिल्या दृश्याने मोडली. ती का मोडली आणि मोडून नेमके काय साधले, हे समजून घ्यावयाचे तर मालिकेबरोबरच तिच्या पाठीमागचा इतिहासही पाहावा लागतो.

त्याआधीच्या दोन दशकांत हेर हा दूरदर्शनचा लाडका नायक होऊन बसला होता. ब्रिटनमध्ये १९६० साली 'डेंजर मॅन' आणि १९६१ साली 'द अॅव्हेंजर्स' या मालिका सुरू झाल्या. १९६२ साली जेम्स बाँडचा पहिला चित्रपट आला. अमेरिकेत १९६६ साली 'मिशन : इम्पॉसिबल' सुरू झाली, प्रमुखाला मिळणारा ध्वनिमुद्रित आदेश ऐकून होताच नष्ट होतो, ही तिची खूण सर्वतोमुखी झाली. या मालिकांच्या पहिल्या भागाचे काम ठरलेले असे. नायक दाखवायचा, त्याची करामत दाखवायची, शत्रू कोण ते सांगायचे आणि शत्रू सीमेपलीकडचा आहे याविषयी प्रेक्षकाची खात्री पटवायची. १९६७ च्या 'द प्रिझनर' या मालिकेने नोकरीचा राजीनामा देणारा गुप्तचर दाखवून ही चौकट जरूर हलवली. पण तिथेही नायक पहिल्या क्षणापासून पडद्यावर होता. १९७९ च्या या मालिकेत मात्र पहिल्या दृश्यात नायक नाही, शस्त्र नाही, पाठलाग नाही. आहे ती एक बैठक. शत्रू खोलीबाहेर आहे की आत, हे कळण्याचा कोणताही मार्ग प्रेक्षकाजवळ नाही. ज्याला शोधून काढण्यासाठी पुढचे सात आठवडे खर्ची पडणार आहेत तो माणूस प्रेक्षकाने पहिल्या काही मिनिटांतच पाहिलेला असतो, त्याच्या चहाच्या कपासकट.

हे दृश्य मूळ कादंबरीच्या आरंभी नाही. कादंबरी उघडते ती इंग्लंडच्या ग्रामीण भागातील मुलांच्या एका निवासी शाळेत. भर पावसात जिम प्रिडो नावाचा नवा शिक्षक तिथे दाखल होतो आणि त्याची वाकडी झालेली पाठ एका एकाकी विद्यार्थ्याच्या नजरेला पडते. ती पाठ कशामुळे वाकडी झाली, हे वाचकाला पुष्कळ उशिरा, तुकड्यातुकड्यांनी कळते. कादंबरीची सारी रचनाच अशी आहे, की घटना घडून गेलेल्या असतात आणि त्या जुन्या कागदपत्रांतून व जुन्या माणसांच्या आठवणींतून पुन्हा जुळवाव्या लागतात. हॉपक्राफ्ट यांनी हा क्रम फिरवला. कादंबरीने मागे राखून ठेवलेली मोहीम त्यांनी आरंभालाच आणली. वाचक पान उलटून मागे जाऊ शकतो. आठवड्यातून एकदा भेटणाऱ्या त्या काळच्या प्रेक्षकाला मागे जाता येत नसे, म्हणून त्याच्या हाती एक ठळक घटना आधीच देणे आवश्यक होते.

ती घटना अशी. लंडनमधील केंब्रिज सर्कस या चौकातील कचेरीवरून ल कारे यांच्या कथाविश्वात ब्रिटिश हेरखात्याला 'सर्कस' असेच म्हणतात. या खात्याचा आजारी, संशयाने पोखरलेला प्रमुख 'कंट्रोल' या पदनामानेच ओळखला जातो; त्याचे खरे नाव कोणी घेत नाही. खात्याच्या अगदी वरच्या वर्तुळात मॉस्कोचा माणूस बसला आहे, अशी त्याची खात्री झालेली असते. चेकोस्लोव्हाकियातील एक सेनाधिकारी त्या माणसाचे नाव सांगण्यास तयार आहे, असा निरोप येतो. कंट्रोल आपल्या सहकाऱ्यांना अंधारात ठेवून जिम प्रिडोला तिकडे धाडतो. कोणावर संशय आहे ते सांगण्यासाठी तो मुलांच्या एका जुन्या इंग्रजी मोजणीगाण्यातील शब्दांचा सांकेतिक उपयोग करतो. मालिकेचे शीर्षक त्यातूनच आले आहे. पण तो निरोप म्हणजेच सापळा असतो. प्रिडोला पाठीत गोळी लागते, मोहीम उघडकीस येते, कंट्रोलला जावे लागते आणि त्याच्याबरोबर त्याचा विश्वासू सहायक जॉर्ज स्मायली यालाही खात्यातून बाहेर पडावे लागते. मागे उरतात ते पर्सी अॅलेलाइन, बिल हेडन, रॉय ब्लँड आणि टोबी एस्टरहेझ. पहिल्या दृश्यात टेबलाभोवती बसलेले चौघे ते हेच.

मालिकेचा नायक स्मायली एवढे सगळे होऊन गेल्यानंतर पडद्यावर येतो. सर अॅलेक गिनेस यांनी रंगवलेला हा स्मायली सेवानिवृत्त, स्थूल, चष्मा लावणारा, पत्नीने सोडून गेलेला गृहस्थ आहे. रॉडी मार्टिनडेल नावाचा एक बडबड्या परिचित त्याला गाठतो, जेवायला नेतो आणि खात्यातील बढत्या-बदल्यांच्या कुचाळक्या त्याच्या कानांवर ओततो. या प्रसंगात स्मायली जवळजवळ काहीच करीत नाही, तो ऐकतो. गिनेस यांच्या अभिनयाचे मर्म या ऐकण्यात आहे. भूमिकेच्या तयारीसाठी ल कारे यांनी त्यांची गाठ सर मॉरिस ओल्डफील्ड यांच्याशी घालून दिली होती. ओल्डफील्ड हे १९७३ ते १९७८ या काळात ब्रिटनच्या परदेशी गुप्तचर सेवेचे प्रत्यक्ष प्रमुख होते. घरी परतलेल्या स्मायलीची वाट पीटर गिलम हा जुना सहकारी पाहत असतो. तो त्याला ऑलिव्हर लेकन या वरिष्ठ अधिकाऱ्याच्या घरी घेऊन जातो. तिथे रिकी टार नावाचा एक हलक्या दर्जाचा, फारशी पत नसलेला हेर आपली कहाणी सांगण्यासाठी बसलेला असतो. तो बोलू लागतो आणि भाग संपतो.

हा शेवट अर्थपूर्ण आहे. खात्याच्या प्रमुखाचा संशय कोणी मनावर घेतला नाही. तो म्हाताऱ्याचा भ्रम ठरवून टाकण्यात आला. शेवटी सत्याचा धागा ज्याच्या तोंडून हाती येतो तो टार त्या खोलीत बसण्याच्या योग्यतेचा कधीच मानला गेला नव्हता. पहिल्या भागाच्या दोन टोकांना अशा दोन खोल्या आहेत. एकीत प्रतिष्ठित माणसे आहेत आणि काही बोलत नाहीत. दुसरीत एक अप्रतिष्ठित माणूस आहे आणि तो बोलतो. मालिकेला जे सांगावयाचे आहे ते या दोन खोल्यांच्या अंतरात सामावले आहे. ब्रिटिश राज्ययंत्रणेची खरी सुरक्षाव्यवस्था कुलुपे आणि सांकेतिक लिपी ही नव्हती. एकाच प्रकारच्या शाळा-महाविद्यालयांतून आलेल्या, एकाच बोलीत बोलणाऱ्या माणसांचा परस्परांवरील विश्वास ही ती व्यवस्था होती. आणि घात झाला तो त्याच वाटेने.

ल कारे यांना हे कल्पनेने रचावे लागले नाही. डेव्हिड कॉर्नवेल हे त्यांचे खरे नाव. त्यांनी स्वतः ब्रिटनच्या अंतर्गत आणि परदेशी, अशा दोन्ही गुप्तचर सेवांत काम केले होते आणि १९६४ मध्ये ती नोकरी सोडली होती. त्यांच्या पिढीवर सावली पडली होती ती केंब्रिज विद्यापीठात १९३०-च्या दशकात साम्यवादाकडे वळलेल्या आणि पुढे सोव्हिएत हेर म्हणून काम केलेल्या तरुणांची. त्यांपैकी गाय बर्जेस आणि डोनल्ड मक्लेन हे मे १९५१ मध्ये ब्रिटनमधून पळाले. तिसरा किम फिल्बी. १९४४ मध्ये फिल्बी ब्रिटिश गुप्तचर सेवेच्या सोव्हिएतविरोधी विभागाचाच प्रमुख झाला. १९४५ मध्ये इस्तंबूल येथील सोव्हिएत उपवाणिज्यदूत कॉन्स्टंटिन व्होल्कोव्ह याने ब्रिटिशांकडे आश्रय मागितला आणि त्या बदल्यात लंडनमधील सोव्हिएत हेरांची माहिती देण्याची तयारी दर्शवली. हे प्रकरण लंडनला आले ते फिल्बीच्याच टेबलावर. फिल्बीने मॉस्कोला सूचना दिली, स्वतः इस्तंबूलला जाण्यास वेळ लावला आणि तो पोचेपर्यंत व्होल्कोव्हला मॉस्कोकडे नेण्यात आले होते. नाव सांगू पाहणारा माणूस आणि ते नाव ज्याचे आहे त्याच्याच हाती पडलेला कागद, ही या प्रकरणातील भीषण विसंगती ध्यानात घेतली म्हणजे कंट्रोल आपल्या सहकाऱ्यांना अंधारात ठेवून मोहीम का आखतो, ते समजते.

१९५१ नंतर संशय असूनही फिल्बीवर आरोप सिद्ध झाला नाही. नोव्हेंबर १९५५ मध्ये तत्कालीन परराष्ट्रमंत्री हॅरोल्ड मॅकमिलन यांनी, त्याने देशाशी द्रोह केला असे मानण्यास आधार नाही, असे संसदेत सांगितले. जानेवारी १९६३ मध्ये तो बैरुतहून नाहीसा झाला आणि मॉस्कोला जाऊन पोचला.

या कथेचा एक धागा भारताशी बांधलेला आहे. फिल्बीचा जन्म १ जानेवारी १९१२ रोजी पंजाबातील अंबाला येथे झाला. त्याचे वडील इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये अधिकारी होते. 'किम' हे त्याचे लाडाचे नाव रडयार्ड किपलिंग यांच्या १९०१ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीतील बालहेरावरून पडले. किपलिंगचा किम आपला पहिला गुप्त निरोप पोचवतो तोही अंबाल्यालाच. ज्या गावात साम्राज्याचा आदर्श बालहेर निरोप घेऊन येतो, त्याच गावी जन्मून त्याचेच नाव धारण केलेला मुलगा पुढे त्या साम्राज्याच्या वारसांचा विश्वासघात करतो. एखाद्या कादंबरीकाराने हे योजले असते तर अतिशयोक्ती वाटली असती. ल कारे यांच्या कथेतही भारत येतो. १९५५ साली दिल्लीच्या एका तुरुंगात स्मायली एका रशियन हेराला फितवण्याचा प्रयत्न करतो. तो माणूस एक अक्षर बोलत नाही. स्मायलीच्या पत्नीने दिलेला सिगारेट-लायटर तेवढा घेऊन मॉस्कोला परत जातो आणि पुढे 'कार्ला' या नावाने सर्कसचा सर्वांत मोठा प्रतिस्पर्धी बनतो. साम्राज्य गेले, त्याच्या तुरुंगातली ती खोली मात्र कथेत उरली.

अशा माणसाला मराठीत काय म्हणावे? मराठेशाहीच्या कागदपत्रांत जासूद आहेत, नजरबाज आहेत, हरकारे आहेत; फितवा आणि फितुरी हे शब्द तर पानोपानी आहेत. पण फितूर हा बहुधा एखाद्या निकराच्या क्षणी बाजू बदलतो. किल्ल्याचा दरवाजा उघडतो आणि ओळखला जातो. ल कारे यांनी ज्याला जमिनीखाली बोगदे करणाऱ्या प्राण्याचे नाव रूढ केले, तो माणूस बाजू बदलताना कोणाला दिसतच नाही. तारुण्यात एकदा पलीकडचा होऊन तो वर्षानुवर्षे अलीकडचा म्हणून वाढत जातो. घराचा पाया पोखरणाऱ्या घुशीची उपमा त्याला जवळची आहे. भिंती उभ्याच असतात, आणि कुठे ओल दिसली तर दोष पावसाला दिला जातो.

कौटिलीय अर्थशास्त्राने या प्रश्नाचा विचार फार पूर्वी केलेला आहे. मुंबई विद्यापीठासाठी र. पं. कंगले यांनी सिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तीमुळे हा ग्रंथ आज अभ्यासकांना सहज उपलब्ध आहे. दोन्हीकडून वेतन घेणाऱ्या हेरासाठी त्यात 'उभयवेतन' असा नेमका शब्द आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे अमात्यांच्या निष्ठेची पारख करण्यासाठी त्यात चार परीक्षा सांगितल्या आहेत : धर्मोपधा, अर्थोपधा, कामोपधा आणि भयोपधा. पैशाचा मोह, स्त्रीचा मोह आणि जिवाची भीती या तीन कसोट्या कोणत्याही राज्याला सुचतील. पहिली मात्र विलक्षण आहे. राजा अधार्मिक आहे, त्याच्या जागी दुसरा धार्मिक राजा आणू या, असे गुप्तपणे सुचवून अमात्य डळमळतो का ते त्यात पाहावयाचे असते. केंब्रिजच्या त्या तरुणांना विकत घेण्याची गरज पडली नव्हती. जगातील अन्याय दूर करणारी सत्ता मॉस्कोत आहे, या श्रद्धेने ते तिकडे गेले. म्हणजेच ते हरले ते धर्मोपधेत. आणि नेमकी हीच परीक्षा ब्रिटिश राज्ययंत्रणेने आपल्या माणसांची घेतली नव्हती, कारण आपल्यातल्यांच्या धर्माविषयी शंका घेणे तिला असभ्यपणाचे वाटत होते.

विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षस' नाटकाशी तुलना केली तर या मालिकेच्या प्रारंभाचे वेगळेपण आणखी स्पष्ट होते. त्या नाटकाच्या पहिल्या अंकातही शस्त्रास्त्रांचा खणखणाट नाही. यमपट दाखवीत हिंडणारा निपुणक चाणक्याच्या घरी येतो, खबर देतो आणि राक्षसाची मुद्रा त्याच्या हाती ठेवतो. इथेही कथा एका खोलीतच सुरू होते. पण विशाखदत्त प्रेक्षकाला चाणक्याच्या बाजूला बसवतो. कोण कोणाचा हेर आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असते आणि उत्सुकता असते ती जाळे कसे आवळले जाते याची. आयर्विन आणि हॉपक्राफ्ट प्रेक्षकाला ज्यांची फसवणूक होत आहे त्यांच्या बाजूला बसवतात. असे असूनही दोन्ही कृती एका जागी भेटतात. मलयकेतूचा विश्वास संपादन केलेला भागुरायण हा चाणक्याचाच माणूस आहे, आणि आपल्यावर माया करणाऱ्याला फसवणे किती कठीण आहे, हे शल्य तो बोलून दाखवतो. सर्कसमधला घरभेद्या अखेर बिल हेडन निघतो, तो कपावर बशी ठेवून आलेला चौथा माणूस. त्याच्या विश्वासघाताची सर्वांत मोठी किंमत देतो तो त्याचा जिवलग मित्र जिम प्रिडो. हेडनच्या तोंडी मात्र भागुरायणाएवढी स्पष्ट कबुली येत नाही.

मालिकेच्या प्रक्षेपणाचा काळही तिला अनुकूल ठरला. ब्रिटनमध्ये तेव्हा तीनच वाहिन्या होत्या आणि त्यांपैकी आयटीव्ही ही व्यापारी वाहिनी संपामुळे १० ऑगस्ट ते २४ ऑक्टोबर १९७९ या काळात जवळजवळ सर्वत्र बंद होती. त्यामुळे संथ, संवादप्रधान आणि कठीण समजल्या जाणाऱ्या या मालिकेला एरवी मिळाला नसता इतका मोठा प्रेक्षकवर्ग लाभला. शेवटचा भाग २२ ऑक्टोबरला झाला. त्यानंतर चोवीस दिवसांनी, १५ नोव्हेंबर १९७९ रोजी, पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी संसदेत जाहीर केले, की सर अँथनी ब्लंट हे सोव्हिएत हेर होते. ब्लंट हे नामांकित कलेतिहासकार. १९४५ ते १९७२ या काळात ते राजघराण्याच्या चित्रसंग्रहाचे पर्यवेक्षक होते. १९६४ मध्येच त्यांनी कबुली दिली होती आणि त्या बदल्यात त्यांना खटल्यापासून अभय मिळाले होते. पंधरा वर्षे हे सत्य बंद दाराआड राहिले. ज्या प्रेक्षकांनी नुकताच हेडन पाहिला होता, तोही हौशी चित्रकार, रसिक, सुसंस्कृत, त्यांना संसदेतील ते निवेदन मालिकेचा आठवा भाग वाटले असल्यास नवल नाही.

या मालिकेने पुढे दीर्घ आयुष्य मिळवले. अमेरिकेत १९८० मध्ये ती सहा भागांत पुन्हा संकलित होऊन दाखवली गेली. १९८२ मध्ये तिचा उत्तरभाग आला. २०११ मध्ये त्याच कादंबरीवर चित्रपट निघाला आणि त्यात प्रिडोची मोहीम बुडापेस्टला नेण्यात आली. ल कारे २०२० मध्ये निवर्तले. सोव्हिएत संघ तर १९९१ मध्येच विसर्जित झाला होता. ज्या शीतयुद्धाने ही कथा जन्माला घातली ते संपले, तरी पहिल्या भागाचे महत्त्व कमी झाले नाही. कारण त्याचा विषय शीतयुद्ध हा निमित्तापुरताच होता.

मालिकेच्या प्रत्येक भागाच्या अखेरीस जेफ्री बर्गन यांनी स्वरबद्ध केलेली, ल्यूकच्या शुभवर्तमानातील वृद्ध शिमोनाची प्रार्थना एका मुलाच्या निर्मळ आवाजात ऐकू येते आणि पडद्यावर ऑक्सफर्डची जुनी शिखरे दिसतात. हेडन आणि प्रिडो यांची मैत्री जिथे जमली ते हे ठिकाण. पाठीत गोळी घेऊन पडलेला माणूस आणि ही शिखरे यांचा संबंध पहिल्या रात्री प्रेक्षकाला उमगत नाही. सातव्या रात्री तो उमगतो, आणि मग पहिला भाग पुन्हा पाहणाऱ्याला त्या बैठकीतील शांतता निराळी वाटू लागते. त्या चौघांनी काही लपवले म्हणून ती निर्माण झालेली नव्हती. विचारण्यासारखे काही आहे असे त्यांपैकी तिघांना कधी वाटलेच नव्हते. आणि त्यांनी न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्या खोलीत कधीही न बसलेल्या एका माणसाने आपल्या पाठीवर झेलले.